नाळेच्या रक्तातल्या एका आकड्यावरून आईचं ताट रिकामं करू नका

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातील प्रसूतिगृहं, स्त्रीरोग व बालरोग तज्ज्ञ, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, पदव्युत्तर प्रबंधांचे मार्गदर्शक आणि महापालिकेचा आरोग्य विभाग यांस

सविनय नमस्कार.

नवजात बाळाच्या नाळेच्या रक्तात एकूण आयजीई हे प्रतिपिंड मोजायचं आणि त्यावरून बाळाला पुढे ॲलर्जी होणार की नाही हे सांगायचं, अशा तपासणीबद्दल हे पत्र आहे. तपासणी करणं सोपं, पण तिचा अर्थ लावणं फार अवघड आहे. आकडा जरा जास्त आला की घरात भीती शिरते आणि पहिला घाव बाळंतिणीच्या जेवणावर पडतो. शेंगदाणे बंद, अंडी बंद, दूध बंद, कधी कधी तुरीचं वरणही बंद. हे सगळं ज्या आकड्याच्या भरवशावर होतं तो आकडा बाळाचाच आहे का, हे मात्र बहुधा कुणी तपासलेलं नसतं.

म्हणून विनंती अशी की ही तपासणी भाकीत म्हणून लिहून देऊ नका. संशोधनासाठी करायची असेल तर आईच्या जोडीच्या नमुन्याशिवाय करू नका. आणि तिच्या आधारावर आईला पथ्य सांगू नका. यामागची कारणं खाली सविस्तर मांडली आहेत, कारण यातली मेख तपशिलातच आहे.

आयजीई हे ॲलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड. इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन-बेनिख यांनी स्वीडनमध्ये ते स्वतंत्रपणे ओळखलं आणि १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याला हे नाव मिळालं. रक्तातल्या सगळ्या प्रतिपिंडांमध्ये याचं प्रमाण सर्वांत कमी. एक आंतरराष्ट्रीय एकक म्हणजे २.४ नॅनोग्रॅम. मोठ्या माणसात साधारण १०० एकक प्रति मिलिलिटरपर्यंत चालतं असं धरतात, तर वेळेवर जन्मलेल्या बाळाच्या नाळेत ते बहुधा १ एककाच्याही खाली असतं, पुष्कळदा ०.५ च्याही खाली. गर्भ अकराव्या आठवड्याच्या सुमारास आयजीई बनवू शकतो, पण बनवतो अगदी थोडं.

आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाची गोष्ट अगदी उलट आहे. वारेतला एफसीआरएन हा ग्राहक (रिसेप्टर) आईचं आयजीजी उचलून बाळाकडे पोचवतो. हे काम चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होतं, शेवटच्या तीन महिन्यांत जोर धरतं, आणि पूर्ण दिवस भरलेल्या बाळात आयजीजी आईपेक्षाही जास्त भरतं. आयजीई, आयजीए आणि आयजीएम या प्रतिपिंडांना हा रस्ता थेट खुला नाही. म्हणून पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की नाळेतलं आयजीई बाळाचंच. अडचण नेमकी या वाक्यापासून सुरू होते.

आधी साधा हिशेब करू. आईचं आयजीई ६०० एकक आहे आणि नाळेतून ५ मिलिलिटर रक्त काढलं असं धरा. त्यात आईचं रक्त हजारात एक भाग मिसळलं, म्हणजे ५ मायक्रोलिटर, एका थेंबाचा दहावा हिस्सा. तेवढ्याने नाळेच्या नमुन्यात ०.६ एकक आयजीईची भर पडते. बाळाचं स्वतःचं ०.२ असेल तर अहवालात ०.८ छापून येतं. जुन्या अभ्यासांत 'जास्त' ठरवायची रेघ कुठे ०.५ वर तर कुठे ०.९ वर ओढलेली आहे. म्हणजे थेंबाच्या दहाव्या भागाने बाळ एका गटातून दुसऱ्या गटात गेलं. प्रसूतीच्या टेबलावर, हातमोज्यांवर, नाळेच्या बाहेरच्या चिकट थरावर एवढं रक्त नसतं असं कोण छातीठोकपणे सांगेल?

यावरचा रूढ उपाय म्हणजे त्याच नमुन्यात आयजीए मोजणं. बाळ जन्मतः आयजीए जवळजवळ बनवतच नाही, त्यामुळे नाळेत ते सापडलं तर आईच्या रक्ताचा संशय घ्यायचा. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर नमुना बाद, खाली असेल तर स्वच्छ, असा नियम कित्येक प्रबंधांत दिसतो. वरच्या उदाहरणावर तो लावून बघा. आईचं आयजीए साधारण २००० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं. हजारात एक भाग मिसळला तर नाळेत फक्त २ मायक्रोग्रॅम दिसेल. नियमाप्रमाणे नमुना 'स्वच्छ' आणि आयजीई मात्र तिप्पट-चौपट फुगलेलं. १० च्या रेघेपर्यंत पोचायला हजारात पाच भाग मिसळावे लागतात, आणि तोवर या आईकडून तब्बल ३ एकक आयजीई आलेलं असतं. आईचं आयजीई ३० एकक असेल तर हा नियम पुरेसा आहे. तिचं ६०० किंवा २००० असेल तर तो डोळ्यांवर बांधलेली पट्टी आहे.

एककांचा घोळही इथेच होतो. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे १० मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. आपल्याकडे आयजीएचे अहवाल डेसिलिटरमध्ये येतात. तिथे '१० च्या खाली' असं वाचून नमुना पास केला तर दहापट ढिलाई झाली. शिवाय मोठ्या माणसांसाठी लावलेल्या नेहमीच्या पद्धती इतकं कमी आयजीए मोजतच नाहीत. त्यांच्याकडून नुसतं 'मर्यादेपेक्षा कमी' असं उत्तर येतं आणि ते उत्तर मग स्वच्छतेचा दाखला म्हणून वापरलं जातं. कमी मात्रेसाठीची एलायझा किंवा अतिसंवेदनशील नेफेलोमेट्री लागते.

याहून बरी रीत आहे आणि तिला कागद-पेन्सिल पुरते. आईचंही आयजीए आणि आयजीई त्याच दिवशी मोजा. नाळेतलं आयजीए भागिले आईचं आयजीए, गुणिले आईचं आयजीई. मिसळलेल्या रक्तातून जास्तीत जास्त किती आयजीई आलं असेल त्याची ही कमाल मर्यादा. नाळेत आयजीए ४, आईचं २०००, आईचं आयजीई ६००, तर उत्तर १.२. नाळेतलं आयजीई ०.९ आलं असेल तर ते सगळंच्या सगळं आईचं असू शकतं आणि त्या आकड्यावर एक ओळही लिहिता येणार नाही. या हिशेबासाठी आईच्या हाताच्या शिरेतलं २ ते ३ मिलिलिटर रक्त लागतं, आणि तेच बहुतेक वेळा घेतलेलं नसतं.

आता नागपूरचा मुद्दा. उत्तर युरोपातल्या अभ्यासांतून आपण रेघा उचलल्या, पण तिथल्या आया आणि आपल्या आया यांच्या रक्तातलं आयजीई सारखं नाही. पूर्व विदर्भ हा हत्तीरोगाचा जुना पट्टा. २०१९ मध्ये आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल या तीन औषधांची एकत्रित मोहीम देशात जिथे सुरुवातीला राबवली गेली त्या जिल्ह्यांत नागपूर होतं. हत्तीरोगाचे कृमी आणि पोटातले जंत आयजीई भरपूर वाढवतात, शेकड्यांत आणि कधी हजारांत. बाईला दमा नाही, शिंका नाहीत, अंगावर गांध्या नाहीत, तरी आयजीई दीड हजार असू शकतं. अशा आईच्या रक्ताचा थेंबाचा दहावा हिस्साही नाळेच्या नमुन्यात काय करील हे वरच्या हिशेबावरून कळेल. सामूहिक औषधोपचाराच्या मोहिमेतून गर्भवतींना वगळलेलं असतं, ते योग्यच आहे, पण त्यामुळे त्या काळात संसर्ग असेल तर तो तसाच राहतो हेही ध्यानात ठेवावं लागतं.

यात आणखी एक पदर आहे. केनियातल्या अभ्यासात असं दिसलं की कृमींचा संसर्ग असलेल्या आयांच्या बाळांच्या नाळेतल्या पेशी कृमींच्या प्रथिनांविरुद्ध स्वतःच आयजीई बनवतात. म्हणजे नमुना अगदी स्वच्छ घेतला, आयजीई खरोखर बाळाचंच निघालं, तरी ते ॲलर्जीचं असेलच असं नाही. गर्भातल्या बाळाला आईच्या पोटातल्या जंतांची ओळख झाली, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आणि 'आयजीई वार ओलांडत नाही' हे वाक्यही आता पूर्वीइतकं पक्कं राहिलेलं नाही. आयजीईला चिकटणारं आयजीजी आईच्या रक्तात असतं. ही जोडगोळी झाली की आयजीजीच्या पाठीवर बसून आयजीई एफसीआरएनच्या रस्त्याने पलीकडे जाऊ शकतं. २०२० मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की असं पोचलेलं आईचं आयजीई पिलांच्या मास्ट पेशींवर, म्हणजे ॲलर्जीची प्रतिक्रिया घडवणाऱ्या पेशींवर बसतं आणि जन्मानंतर पहिल्याच संपर्कात पिलं प्रतिक्रिया देतात. काही आठवड्यांत हा परिणाम ओसरला. त्यांनी वापरलेलं परागकण रॅगवीडचं, म्हणजे आपल्या गाजर गवताच्याच कुळातलं. कोपेनहेगनच्या जन्मापासून मुलांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासात नाळेतलं विशिष्ट (म्हणजे एकेका पदार्थाविरुद्धचं) आयजीई आईच्या विशिष्ट आयजीईशी जुळत होतं आणि बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर ते त्याच्या रक्तात सापडत नव्हतं. आईकडून आलेलं, जसं आलं तसं गेलं. बाळाने स्वतः बनवायला घेतलेलं असतं तर टिकलं असतं.

म्हणजे नाळेतला ०.९ हा आकडा तीन वाटांनी येऊ शकतो: नमुना घेताना किंवा कळांच्या वेळी वारेतून मिसळलेलं आईचं रक्त, आयजीजीसोबत ओलांडून आलेलं आईचं आयजीई, किंवा बाळाने स्वतः बनवलेलं. अहवालाच्या कागदावर तिन्ही सारखेच दिसतात.

नमुना कसा घ्यायचा ते नीट लिहितो, कारण प्रबंधात 'नाळेचं रक्त घेतलं' या तीन-चार शब्दांत हा भाग आटोपलेला असतो आणि सगळं बिघडतं ते तिथेच.

नाळ किमान एक मिनिट थांबून बांधा. नमुन्यासाठी घाई करून बाळाच्या वाट्याचं रक्त कमी करायचं नाही, आपल्या रक्तक्षयाच्या मुलखात तर नाहीच. नाळ कापल्यावर वारेकडचा भाग चिमट्याने बंद राहू द्या. आत रक्त भरलेलं असेल अशी सुमारे दहा सेंटिमीटरची जागा निवडा, बाहेरून सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने पुसा, गॉज बदलून पुन्हा पुसा, तिसऱ्यांदा पुसा, मग स्पिरिट लावा आणि ते वाळू द्या. ओल्या स्पिरिटमधून सुई घातली तर रक्तपेशी फुटतात. नाळेत दोन रोहिण्या आणि एक शीर असते. शीर सर्वांत रुंद, मऊ भिंतीची. २० किंवा २१ गेजच्या सुईने शिरेतून ३ ते ५ मिलिलिटर हळूहळू ओढा. कापलेलं टोक नळीवर धरून रक्त थेंब-थेंब पाडणं आणि नाळ बोटांनी दुहणं या दोन सवयी पूर्ण बंद व्हायला हव्यात. पहिल्या प्रकारात नाळेच्या बाहेरचं सगळं नळीत जातं, दुसऱ्यात वारेतल्या नाजूक पडद्यांवर दाब येतो आणि दोन्ही रक्तं मिसळायला वाव मिळतो.

सुई काढून रक्त साध्या नळीत सोडा. सुईतून जोरात दाबू नका. नळीवर 'नाळ' आणि दुसरीवर 'आई' हे शब्द प्रसूतीच्या खोलीतच, तिथल्या तिथे लिहा. अदलाबदल ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती नंतर सुधारता येत नाही. खोलीच्या तापमानाला अर्धा तास गोठू द्या. खोलीचं तापमान म्हणजे मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी खिडकीच्या कट्ट्यावरचं नव्हे. त्या ऊन्हात ठेवलेल्या नळीत रक्तपेशी फुटून सीरम लाल होतं. मग १५०० जी ला दहा मिनिटं फिरवा. रोटरची त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल तर मिनिटाला ३००० फेरे म्हणजे तेवढंच. सीरमचे अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरचे तीन भाग करून उणे २० वर ठेवा, महिन्याभराहून जास्त ठेवायचे तर उणे ८० वर. एक भाग एकदाच वितळवायचा. आयजीई तसं चिवट आहे, पण वारंवार वितळवलेल्या नमुन्यातून दशांशातला फरक शोधायला जाऊ नये.

यंत्राकडेही बघा. नेहमीच्या कितीतरी पद्धतींची खालची मर्यादा १ एकक किंवा त्याहून वर असते. त्या यंत्रावर नाळेचे जवळजवळ सगळे नमुने 'मर्यादेपेक्षा कमी' येतील आणि ०.५ की ०.९ हा वाद घालायला जागाच उरणार नाही. किटच्या माहितीपत्रकात खालची मर्यादा किती लिहिली आहे ते वाचल्याशिवाय नमुना स्वीकारू नका, ही प्रयोगशाळांना वेगळी विनंती.

समजा, सगळं बरोबर झालं. तरी हा आकडा भाकीत करतो का?

स्वीडनमध्ये १,६५० च्या आसपास मुलांचा अकरा वर्षांपर्यंत मागोवा घेऊन हे तपासलं गेलं. सुरुवातीची आशा मोठी होती, शेवट निराशेचा. नाळेतलं आयजीई जास्त असलेल्यांत ॲलर्जी जास्त आढळली हे खरं, पण पुढे ॲलर्जी झालेल्या मुलांपैकी बहुतेकांचं नाळेतलं आयजीई कमीच होतं. हे आपल्या भाषेत मांडून बघू. हजार बाळं धरा, त्यांपैकी २०० जणांना पुढे ॲलर्जी होणार आहे. तपासणी चारांतल्या एकालाच ओळखते आणि निरोगी बाळांतल्या शंभरातल्या सहांना उगाच संशयित ठरवते असं धरू. मग २०० पैकी ५० सापडतील, १५० सुटतील. उरलेल्या ८०० निरोगी बाळांतली ४८ चुकून यादीत येतील. 'धोका आहे' असा शिक्का बसलेल्या ९८ घरांपैकी जवळजवळ निम्मी घरं विनाकारण घाबरली, आणि 'सगळं ठीक' ऐकून गेलेल्यांमध्ये दीडशे जण गाफील राहिले. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा: आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला डॉक्टरांनी निदान केलेला दमा, इसब किंवा ॲलर्जीची सर्दी आहे का? आणि बाळाला पहिल्या काही महिन्यांत इसब दिसतंय का, किती? हे विचारायला पैसे लागत नाहीत आणि उत्तर जास्त कामाचं असतं.

आईकडचा इतिहास वडिलांकडच्यापेक्षा नाळेतल्या आयजीईशी जास्त जुळतो, हे मात्र बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. १९९२ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने अकराव्या गुणसूत्रावरचा ॲटोपीशी (ॲलर्जीच्या प्रवृत्तीशी) संबंधित भाग आईकडून आला तरच परिणाम दाखवतो असं मांडलं. वारेतलं वातावरणही ॲलर्जीच्या बाजूला झुकलेलं असतं. गर्भ टिकण्यासाठी आयएल-४ आणि आयएल-१० सारखे संदेश तिथे वरचढ असतात आणि इंटरफेरॉन गॅमा दबलेलं. आणि आता कळलं आहे की काही वेळा आईचं आयजीई स्वतःच तिथे येऊन बसलेलं असतं. म्हणून 'आईकडून वारसा' या शब्दांत नेमकं काय आलं, गुण, वातावरण की नुसतं प्रतिपिंड, हे वेगळं करता येत नाही तोवर त्याचा दोष आईच्या माथी मारू नये. सासरच्या चार माणसांसमोर 'हे तुमच्याकडून आलंय' असं डॉक्टरच्या तोंडून निघालेलं वाक्य त्या बाईला वर्षानुवर्षं ऐकावं लागतं.

आईच्या ज्या गोष्टींचा खरोखर फरक पडतो, त्यांत धूर पहिला. बिडी, सिगारेट घरात कुणीही ओढो, गर्भातल्या फुप्फुसांच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा-शेपा टाकून दिलेली धुरी, दारं-खिडक्या बंद करून, दिवसातून दोनदा, सव्वा महिना: ही प्रथा प्रेमाने पाळली जाते, पण बाळाच्या श्वासनलिकेला धूर कशाचा आहे याने फरक पडत नाही. शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीचा द्या. मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी. कूलरच्या ताट्या दरवर्षी बदला, टाकीचं पाणी आठवड्याला रिकामं करून ती घासा. कुबट वास येणाऱ्या कूलरसमोर बाळ झोपवू नका.

जंतांच्या औषधाबद्दल थोडं सांभाळून बोलायला हवं. युगांडातल्या एंटेबे इथल्या मोठ्या चाचणीत गर्भारपणात अल्बेंडाझोल दिलेल्या आयांच्या बाळांत इसब जास्त आढळलं. ही माहिती अर्धवट पसरली तर पाड्यावरची आशाताई आणि तिच्या यादीतली बाई दोघींचं नुकसान. आपल्याकडे दुसऱ्या तिमाहीत अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी दिली जाते ती रक्तक्षयासाठी. सात-आठ हिमोग्लोबिनच्या बाईला ती नाकारून बाळाचं इसब टाळायला जाणं हा उफराटा न्याय होईल. गोळी चालूच राहावी. संशोधकांनी फक्त ती दिल्याची तारीख नोंदवावी.

माशाच्या तेलाची चाचणी कोपेनहेगनमध्ये झाली: ७३६ गर्भवती, शेवटच्या तिमाहीपासून रोज २.४ ग्रॅम, आणि मुलांत सततची घरघर किंवा दमा २३.७ वरून १६.९ टक्क्यांवर आला. फायदा मुख्यतः ज्यांच्या रक्तात आधीच ही स्निग्धाम्लं कमी होती त्यांच्या मुलांना झाला. आशादायक आहे, पण ही मात्रा औषधाची आहे, सरसकट लिहून द्यायची नाही. ड जीवनसत्त्वाच्या अमेरिकी चाचणीत, ४,४०० एककांच्या रोजच्या मात्रेने, फरक दिसला पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात अडला.

पथ्याबद्दल मात्र आम्हाला काही शंका नाही. गर्भारपणात किंवा अंगावर पाजताना आईने दूध, अंडी, शेंगदाणे सोडल्याने बाळाची ॲलर्जी टळते, असं उपलब्ध चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलेलं नाही. दिसलं ते एवढंच की अशा पथ्याने गर्भवतीचं वजन कमी वाढू शकतं. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २००० मध्ये जोखमीच्या घरांना असं टाळायला सांगितलं होतं, २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. विदर्भातल्या साध्या घरात शेंगदाण्याचं कूट, अंडं आणि वरण हीच तर प्रथिनं. ती काढून घेतली की ताटात भात आणि पोळी उरते. आईला स्वतःला एखाद्या पदार्थाची सिद्ध ॲलर्जी असेल तर तिने तो टाळावा, एवढंच. दुधातून जाणाऱ्या अन्नाच्या अंशामुळे बाळाला खरोखर त्रास होतोय असं वाटलं, म्हणजे शौचात रक्त किंवा न हटणारं इसब, तर एकच पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करून पुन्हा सुरू करून पाहायचा. पुन्हा सुरू करण्याची पायरी सोडायची नाही, नाहीतर तो पदार्थ वर्षभर बंदच राहतो.

आयजीजीच्या 'अन्न असहिष्णुता' चाचणीबद्दल एकच वाक्य: नवजात बाळाच्या रक्तात अंड्याचं आणि दुधाचं आयजीजी सापडणारच, कारण ते आईचं आहे आणि आईने अंडी-दूध खाल्लेलं आहे.

पुढची सहा महिन्यांची गोष्ट याच पत्रात येते, कारण आकड्याला घाबरलेलं घर नेमकं तिथे चुकतं. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लीप चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं होती. शेंगदाणा टाळलेल्यांत पाचव्या वर्षी १७.२ टक्क्यांना त्याची ॲलर्जी होती, नियमित खाणाऱ्यांत ३.२ टक्क्यांना. तिथे आठवड्याला ६ ग्रॅम शेंगदाणा-प्रथिन दिलं होतं, तीन किंवा जास्त वेळा विभागून. आपल्या हिशेबाने एका वेळी ८ ग्रॅम भाजलेले दाणे, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे बारीक कूट. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू करताना ते पातळ पेजेत किंवा वरण-भातात नीट कालवून द्या. कूट मिक्सरमधून अगदी बारीक, गोळे नकोत, आणि अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाहीच, तो श्वासनलिकेत अडकतो. कडवट किंवा बुरशी आलेले दाणे फेकून द्या. पहिल्या दिवशी चमच्याच्या टोकाएवढं, सकाळच्या वेळी, बाळ बरं असताना. दहा मिनिटं थांबून मग उरलेलं. अंडं पूर्ण उकडलेलं. तीव्र इसब असलेल्या बाळाला आधी बालरोगतज्ज्ञाकडे न्या. ते थांबवायला नव्हे, सुरक्षितपणे सुरू करायला. अंगावर गांध्या, ओठ सुजणं, वारंवार उलटी, घरघर दिसली तर लगेच दवाखाना. आणि दवाखान्यात ॲड्रेनालिन एकास हजारचं, किलोमागे ०.०१ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. सात किलोच्या बाळाला ०.०७ मिलिलिटर, त्यासाठी इन्सुलिनची नव्हे, १ मिलिलिटरची सिरिंज हाताशी ठेवा. इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या खुणा मिलिलिटरच्या नसतात आणि घाईत मात्रा चुकते.

आणि त्वचा. बेसन, मसुराचं पीठ, दुधाची साय लावून बाळाला आंघोळ घालायची पद्धत इसबाच्या चिरलेल्या कातडीवर नको. पोटातून आलेल्या अन्नाची शरीर सवय करून घेतं. तुटलेल्या त्वचेतून आलेल्या अन्नाविरुद्ध आयजीई बनण्याची शक्यता जास्त असते. नाळेतल्या दशांशापेक्षा ही गोष्ट तुमच्या हातातली आहे.

प्रबंधांच्या मार्गदर्शकांना काही सांगणं उरलं. आईच्या शौचाचे तीन दिवसांचे तीन नमुने, इओसिनोफिलची संख्या, हत्तीरोगाची तपासणी, अल्बेंडाझोलची तारीख, बाळाचं लिंग आणि गर्भाचे आठवडे या नोंदी नसतील तर नाळेतल्या आयजीईचा कशाशीही संबंध लावता येणार नाही. आकडे एका बाजूला प्रचंड झुकलेले असतात. सरासरी नको, मध्यांक द्या किंवा लॉग घ्या. मर्यादेखालच्या नमुन्यांना शून्य धरू नका. वाढलेलं आयजीई बाळाचंच आहे का हे पाहायचं असेल तर आठवड्याने पुन्हा मोजावं लागतं: आईकडून आलेलं आयजीई रक्तात दोन-अडीच दिवसांत निम्मं होतं, सात दिवसांत जेमतेम सातवा भाग उरतो, बाळाचं स्वतःचं असेल तर टिकतं किंवा वाढतं. पण त्यासाठी निरोगी बाळाला सुई टोचायची आहे. नैतिक समितीची मंजुरी आणि आईची तिच्या भाषेतली, कळा सुरू होण्याआधी घेतलेली संमती हवी. नाळ टाकूनच द्यायची असली तरी तिच्यातलं रक्त विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

ज्या प्रयोगशाळांना ही तपासणी सध्या यादीतून काढता येणार नाही, त्यांनी अहवालाच्या तळाशी, आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत एवढा मजकूर छापावा: 'हा आकडा बाळाला पुढे ॲलर्जी होईल की नाही हे सांगत नाही. यात आईच्या रक्तातलं आयजीई असू शकतं. आईचा नमुना सोबत तपासला: होय / नाही. या अहवालावरून आईने किंवा बाळाने कोणताही पदार्थ बंद करू नये.'

आपले,
नागपुरात नवजात शिशू विभाग आणि प्रतिपिंड प्रयोगशाळांत काम करणारे काही डॉक्टर आणि तंत्रज्ञ